तांडेलाची जागा

बेलापूरच्या किल्ल्याजवळ, पनवेलच्या खाडीच्या काठी दिवाळे हे कोळ्यांचे गाव आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, आजूबाजूच्या शिवारांवर सेक्टर उभे राहिले आणि गाव नकाशात शहराच्या पोटात गेले. तरी जेट्टीवर अजून होड्या लागतात, जाळी सुकत पडतात. आम्ही दोघे गेली काही वर्षे येथे राहतो, जवळच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि संध्याकाळी जेट्टीकडे फिरायला जातो. तेथेच आमच्या एका विद्यार्थ्याने एकदा आम्हाला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. शिरस्त्राण घातलेला एक कृष्णवर्णीय तरुण हातात चेंडू घेऊन उभा आहे, अंगावर पाच-सहा धिप्पाड माणसे धावून येत आहेत, आणि तो त्यांच्याकडे न पाहता दूर कोठेतरी पाहतो आहे. "सर, हा लामार जॅक्सन. अमेरिकन फुटबॉल. हा क्वार्टरबॅक आहे, म्हणजे आमचा तांडेल समजा."

क्वार्टरबॅक या शब्दाचे याहून चांगले मराठी स्पष्टीकरण आम्हाला पुढेही कोठे मिळाले नाही.

ज्यांचे बालपण समुद्रापासून दूर गेले त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. होडीचा मालक तो नाखवा. तो प्रत्येक फेरीला होडीवर असतोच असे नाही. होडीवर हुकूम चालतो तो तांडेलाचा. जाळे कोठे टाकायचे, उधाण आहे की भांग, वारा फिरला तर आज परतायचे की थांबायचे, हे तो ठरवतो आणि खलाशी त्याप्रमाणे हात चालवतात. खलाशाचे बळ कमी महत्त्वाचे असते असे नाही, पण होडी उलटली तर गावात नाव निघते ते तांडेलाचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका बाजूला अकरा खेळाडू असतात. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही सरकता आले तर चेंडू गमवायचा, असा त्याचा ढोबळ नियम. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी चेंडू दोन पायांमधून मागे येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. पुढचे तीन-चार सेकंद त्याचे. कोणाकडे फेकायचा, कोणाच्या हाती सोपवायचा, की स्वतःच घेऊन पळायचे, हे त्याने तेवढ्यात ठरवायचे. किनाऱ्यावरच्या प्रशिक्षकाचा आवाज १९९४ पासून शिरस्त्राणातल्या यंत्रातून त्याच्या कानात येतो. पण खेळ सुरू करण्याच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. मग तो आणि समुद्र.

या खेळाचे आपल्याकडे फारसे काही रुजले नाही. २०१२ साली 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' नावाचा प्रयोग झाला, त्यात 'पुणे मराठाज' नावाचा एक संघही होता, एवढे सांगून तो विषय संपवता येतो. मग मराठी शिकवणाऱ्या दोन माणसांनी या खेळावर का लिहावे? त्याचे कारण त्या चित्रफितीतल्या तरुणाच्या चरित्रात आहे. ते वाचताना आम्हाला शंभर वर्षांपूर्वीची मुंबई आठवत राहिली.

लामार जॅक्सनला २०१६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मानला जाणारा हाइजमन करंडक मिळाला. इतक्या लहान वयात तो पूर्वी कोणालाही मिळालेला नव्हता. दोन वर्षांनी तो व्यावसायिक संघांच्या निवडीला उभा राहिला, तेव्हा एका जुन्या आणि नामांकित संघव्यवस्थापकाने जाहीरपणे सुचवले की या मुलाने क्वार्टरबॅकचा नाद सोडून चेंडू झेलणाऱ्याची जागा घ्यावी. मुलगा चपळ आहे, पळतो उत्तम, तर त्याने पळावे. त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले आणि पहिल्या फेरीतल्या अगदी शेवटच्या, बत्तिसाव्या क्रमांकावर बाल्टिमोरच्या संघाने त्याला घेतले. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या हंगामात, त्याने छत्तीस टचडाउन फेकून केले, बाराशेहून अधिक यार्ड स्वतः धावून काढले आणि मोसमातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली ती सर्वच्या सर्व पन्नास मतांनी. हंगाम संपला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. २०२३ च्या हंगामात त्याला तोच मान पुन्हा मिळाला.

व्यवस्थापकाच्या सल्ल्यात वाईट हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. पुढे त्याने आपली चूक कबूलही केली. पण सल्ला त्याचा एकट्याचा नव्हता. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो निदान अर्धे शतक जुना होता आणि त्याला बळी पडलेल्यांची यादी मोठी आहे. तीत आम्हाला सर्वांत चटका लावून गेला तो मार्लिन ब्रिस्को.

ब्रिस्को ओमाहाचा. महाविद्यालयात तो क्वार्टरबॅक होता, पण १९६८ साली डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाने त्याला चौदाव्या फेरीत घेतले ते बचावपटू म्हणून. करार करताना त्याने अट घातली की क्वार्टरबॅक म्हणून आपली निदान काही दिवस चाचणी घेतली जावी. चाचणी झाली, आणि त्याला बचावाकडे पाठवले गेले. हंगामात संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला, बदली खेळाडूचे काही जमेना, तेव्हा नाइलाजाने ब्रिस्कोला मैदानात उतरवले. ६ ऑक्टोबर १९६८ रोजी त्याने क्वार्टरबॅक म्हणून सामन्याची सुरुवात केली. आधुनिक काळातल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये अशी सुरुवात करणारा तो पहिला कृष्णवर्णीय. त्या एका हंगामात त्याने चौदा टचडाउन फेकले. नवख्या खेळाडूचा हा त्या संघातला विक्रम कित्येक दशके टिकला. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी त्या जागेसाठी त्याचा विचारच झाला नाही. तो बफेलोला गेला, तेथे त्याने चेंडू झेलणाऱ्याचे काम नव्याने शिकून घेतले, त्यातही नाव काढले, आणि १९७२ साली एकही सामना न हरणाऱ्या मायामीच्या संघात तो होता. खेळाडू म्हणून त्याचे आयुष्य वाया गेले नाही. क्वार्टरबॅक म्हणून मात्र त्याची कारकीर्द तेविसाव्या वर्षी सुरू झाली आणि तेविसाव्याच वर्षी संपली.

वॉरन मूनने दुसरा मार्ग निवडला. १९७८ च्या आरंभी महाविद्यालयीन फुटबॉलमधला मोठा सामना जिंकूनही अमेरिकेतला एकही संघ त्याला क्वार्टरबॅक म्हणून घ्यायला तयार झाला नाही आणि जागा बदलायला तो तयार झाला नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तेथे १९७८ ते १९८२ अशी सलग पाच वर्षे विजेतेपद मिळवले, आणि मग १९८४ साली ह्यूस्टनने त्याला मानाने बोलावले. डग विल्यम्सने ३१ जानेवारी १९८८ रोजी वॉशिंग्टनला अंतिम सामना जिंकून दिला, तो एकाच पावात चार टचडाउन फेकून. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रथमच अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते.

या सगळ्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की १९४६ नंतर कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेण्यास असलेला उघड विरोध हळूहळू ओसरत गेला होता. त्यांचे पाय हवे होते, खांदे हवे होते, छाती हवी होती. १९७० साली लॉय आणि मॅकेल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी खेळाडूंच्या जागांची मोजदाद करून दाखवले की मैदानाच्या मध्याकडे, जेथे निर्णय होतात तेथे, गोरे खेळाडू एकवटलेले आहेत आणि कडेच्या जागांवर काळे. संघात प्रवेश मिळणे आणि ठरवण्याच्या जागेवर प्रवेश मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये पिढ्या जाऊ शकतात.

आता मुंबईकडे येऊ.

पालवणकर बंधूंची कथा रामचंद्र गुहा यांच्या २००२ सालच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या ग्रंथानंतर इंग्रजी वाचकांना बरीच परिचित झाली. मराठी वाचकांना ती तितकी परिचित आहे असे म्हणवत नाही. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघे भाऊ, चर्मकार समाजातले, मूळचे कोकणातले. थोरले बाळू पुण्यात वाढले. पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडण्याचे, रूळ फिरवण्याचे काम त्यांनी दरमहा तीन रुपयांवर केले, आणि मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. तेथे सरावासाठी फलंदाजांना चेंडू टाकता टाकता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. ग्रेग नावाचा इंग्रज अधिकारी त्यांच्यापुढे तासन् तास सराव करी, आणि आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. याच क्लबात त्यांना फलंदाजी मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी मजुरीची. हात कोणाचे आणि शैली कोणाची, याची ही विभागणी पुढच्या साऱ्या कथेचे बीज आहे असे आम्हाला वाटते.

येथे नावांविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. जुन्या धावफलकांवर देवधर हे देवधर असतात, पै हे पै असतात. पालवणकर मात्र 'पी. बाळू', 'पी. विठ्ठल' असे येतात. आडनाव आद्याक्षरात आटलेले आणि पुढे घरात हाक मारावी तसे नाव. यामागे हेतू होता की निव्वळ प्रघात, हे कागदावरून ठरवता येत नाही. चारही भाऊ एकाच आडनावाचे असल्याने आम्हालाही येथे बाळू, विठ्ठल असेच लिहावे लागत आहे. निदान क्रियापद तरी आदरार्थी ठेवू.

पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांविरुद्ध खेळण्यासाठी बाळूंना घेतले तेव्हाची हकीकत प्रसिद्ध आहे. मैदानात चेंडू सर्वांच्या हातून फिरे, त्याला विटाळ नव्हता. चहाच्या वेळी मात्र इतरांना तंबूत कपबशीतून चहा आणि बाळूंना बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यातून. जेवणाचे पानही वेगळे. पुढे त्यांच्या गोलंदाजीने सामने जिंकून मिळू लागले, तसतसे ते पान थोडे थोडे जवळ सरकले. न्यायमूर्ती रानडे यांनी संघाला याबाबत दोन शब्द सुनावले आणि टिळकांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, असे सांगितले जाते. प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि शिवराम हे दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या तरुण महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. महाराज बहुतेक वेळ मैदानाबाहेरच राहिले, संघ बहुतेक सामने हरला, आणि खांदा दुखत असताना बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी मिळवले. एकोणीसहून कमी सरासरीने.

असा गोलंदाज परत आल्यावर मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचा कर्णधार कोण व्हावा? १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि तिरंगी स्पर्धा चौरंगी झाली. तिला तेव्हा देशात दुसरी तोड नव्हती. बाळूंचे नाव पुढे येई आणि मागे पडे. १९१३ साली कर्णधार झालेल्या म. द. पै यांनी स्वतःच बोलून दाखवले की हा मान अनुभवाने आणि ज्येष्ठतेने बाळूंचा होता. पै यांचा हा सरळपणा दुर्मीळच म्हटला पाहिजे. पण तो मान त्यांनी स्वीकारला, हेही तितकेच खरे.

मग १९२० साल उजाडले. त्याच वर्षी जानेवारीच्या अखेरीस आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता नष्ट करण्याची भाषा ठरावात आली. याच डिसेंबरात मुंबईत चौरंगी सामने होते. पै आजारी पडले. बाळू चव्वेचाळीस वर्षांचे झाले होते, त्यांना संघातून वगळण्यात आले. ते एक वेळ समजण्यासारखे होते. पण धाकटे विठ्ठल तेव्हा हिंदूंच्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक होते, बंधू शिवराम अनुभवी होते. त्यांना ओलांडून समितीने कर्णधारपद दिले ते दि. ब. देवधर यांना.

देवधर अठ्ठावीस वर्षांचे होते. ते पुण्याचे, संस्कृतचे प्राध्यापक. म्हणजे आमच्याच व्यवसायातले, आणि आम्हाला हे प्रकरण जवळचे वाटण्याचे एक कारण तेही आहे. त्यांच्या गुणवत्तेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुढे १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. एकशे एक वर्षांचे होऊन १९९३ साली ते वारले. मराठी माणसाला ज्यांचा अभिमान वाटावा अशांपैकी ते आहेत. पण हे सारे पुढचे. १९२० साली समितीपुढे त्यांच्या नावावर काय होते आणि विठ्ठल यांच्या नावावर काय होते, हा प्रश्न आहे. शिक्षण, घराणे, सामाजिक दर्जा, चारचौघांत वागण्याबोलण्याची रीत: अशा वेळी हे शब्द पुढे येतात आणि ते खेळाविषयीचेच शब्द आहेत असे सर्वांना प्रामाणिकपणे वाटते.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि त्याची कारणे लेखी, जाहीरपणे मांडली. आज याचे महत्त्व लक्षात येणे कठीण आहे. खेळायला मिळणे हेच उपकार मानावेत अशी अपेक्षा असलेल्या दोन माणसांनी खेळायला नकार दिला. त्यांची मागणी जेवणाच्या पंगतीची नव्हती, चहाच्या कपाची नव्हती. हुकुमाच्या जागेची होती. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, सभा झाल्या, जिमखान्यावर दबाव आला. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड निघाली: पै बरे होऊन कर्णधार म्हणून परतले, बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले, दोघे भाऊ संघात आले. सामना चालू असताना पै काही वेळ मैदान सोडून गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदूंचे नेतृत्व केले. ते अनवधानाने गेले नव्हते, हे उघड आहे. समितीला जे करवले नाही ते एका माणसाने तंबूत जाऊन बसून केले. बाळूंच्या वाट्याला आलेले कर्णधारपद एवढेच.

विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ साली. मधल्या दोन वर्षांत स्पर्धा एकदा युरोपियनांनी आणि एकदा पारशांनी जिंकली होती, त्यामुळे समितीचे हृदयपरिवर्तन किती आणि हिशेब किती, याविषयी वाचकांनी आपापला तर्क करावा. हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवून. लोकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. त्यांच्या नेतृत्वाच्या चार वर्षांत, १९२४ चा अपवाद सोडता, करंडक हिंदूंकडेच राहिला. १९१६ पासून हिंदूंकडून खेळणारे सी. के. नायडू त्या काळात त्यांच्या हाताखाली खेळले. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. म्हणजे ज्या वर्षी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला माणूस हिंदूंच्या संघाचा तांडेल झाला, त्याच वर्षी तळ्यावर जाण्याचा त्याच्या समाजाचा हक्क कागदावर आला. आणि तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले. खांद्यावर घेणारे आणि तळ्यावर अडवणारे लोक एकाच प्रांतातले होते. कदाचित काही जण दोन्हीकडे असतील.

योगायोगाने १९२३ हेच वर्ष अमेरिकेतही महत्त्वाचे सांगितले जाते. फ्रिट्झ पोलार्ड त्या साली हॅमंडच्या संघाकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळला असे मानतात. पण तेथे पुढे पाऊल मागे गेले: १९३४ पासून १९४५ पर्यंत त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. विठ्ठल यांच्यानंतर आपल्याकडे काय झाले, याचा हिशेब आम्ही मांडत नाही. तो मांडू पाहणाऱ्याला भारतीय कसोटी कर्णधारांची यादी सहज मिळेल.

बाळू पुढे राजकारणात पडले. पुणे कराराच्या वादात ते आंबेडकरांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून आंबेडकरांविरुद्ध लढून हरले. त्यामुळेही असेल, दलित चळवळीच्या स्मृतीत त्यांना अवघड जागा मिळाली आणि सवर्णांच्या स्मृतीत तर मिळालीच नाही. १९५५ साली ते वारले.

आता जे लिहायचे ते आमच्याविषयी आहे. गेल्या वर्षी आम्ही महाविद्यालयाच्या क्रीडा समितीवर होतो. क्रिकेट संघाचा कर्णधार ठरवायचा होता. दोन नावे होती. एक मुलगा चांगला फलंदाज, बोलण्यात सफाईदार, बक्षीससमारंभात इंग्रजीतून आभार मानू शकेल असा. दुसरा डावखुरा गोलंदाज, दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला. स्वतःचे क्षेत्ररक्षण स्वतः लावणारा, समोरचा फलंदाज दोन चेंडूंत ओळखणारा, पण पाहुण्यांसमोर मान खाली घालून उभा राहणारा. आम्ही पहिल्याचे नाव सुचवले आणि टिपणात 'नेतृत्वगुण' असा शब्द लिहिला. दुसऱ्याविषयी 'संघाचा कणा' असे लिहिले. दोन्ही शब्द आमच्यापैकी एकाच्या हस्ताक्षरात आहेत. कोणी तक्रार केली नाही. सामन्यात चौथ्या-पाचव्या षटकापासून क्षेत्ररक्षक पाहात होते ते त्या डावखुऱ्याच्या हाताकडे, आणि कर्णधारही तिकडेच पाहात होता. जेट्टीवर आम्हाला लामार जॅक्सनची चित्रफीत दाखवणारा विद्यार्थी तोच. त्याचे वडील तांडेल आहेत. त्याने ती चित्रफीत आम्हाला का दाखवली असावी, हे त्याला विचारण्याचे धैर्य आम्हाला झालेले नाही.

विठ्ठल यांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. गुहा यांच्या इंग्रजी ग्रंथाचा मोठा आधार हे मराठी पुस्तक आहे. आम्ही दोघांनी मराठी विषय घेऊन एम. ए. केले, आत्मचरित्र हा साहित्यप्रकार अभ्यासला, दलित आत्मकथनांवर प्रश्नपत्रिका सोडवल्या आणि पुढे काढल्याही. या पुस्तकाचे नाव आम्हाला कोणत्याही वर्गात ऐकू आले नाही. इंग्रजी पुस्तक वाचून ते आम्हाला कळले, ही मराठीच्या प्राध्यापकांना शोभणारी गोष्ट नाही. दलित आत्मकथनाची आपली चर्चा साधारणपणे दया पवार यांच्या १९७८ सालच्या 'बलुतं'पासून सुरू होते. त्याआधी तीस वर्षे लिहिलेल्या या पुस्तकाला तीत जागा का नसावी? पुस्तकाचे शीर्षकच बहुधा अडचणीचे ठरले असेल. लेखक आपल्या आयुष्याला 'क्रीडा-जीवन' म्हणतो. त्याने स्वतःची ओळख एका खेळाचा जाणकार, संघ चालवलेला माणूस अशी करून दिली आहे. आम्हा समीक्षकांना अशा लेखकाकडून सोसल्याची साक्ष हवी असते. डावपेचांची चर्चा आम्ही दुसऱ्या कोणाकडून ऐकायला सवकलेलो आहोत. आणि खेळाडूंची आत्मचरित्रे तर साहित्याच्या कपाटातच येत नाहीत. दोन कपाटांच्या मधल्या फटीत ते पुस्तक पडले आणि आम्ही कपाटे हलवून पाहिली नाहीत.

मुंबईतल्या एका जुन्या ग्रंथालयातून आम्ही त्याची छायाप्रत करून आणली. कागद इतका पिवळा होता की काही ओळी प्रतीत उतरल्याच नाहीत. ती प्रत आता दिवाळे गावात त्या विद्यार्थ्याच्या घरी आहे. परवा तो ती घेऊन जेट्टीवर आला होता. त्याला १९२० चे प्रकरण आम्ही आधी सांगितले होते, आणि विठ्ठल, बाळू, पै यांच्याविषयी त्याला काही विचारायचे नव्हते. त्याने विचारले ते वेगळेच: "सर, त्या देवधर सरांना कर्णधार व्हायचं होतं का? की त्यांना नुसतं सांगितलं?" ज्याला गेल्या वर्षी आम्ही कर्णधार केले तो मुलगा त्याचा मित्र आहे, हे आम्हाला तेव्हा आठवले.

पलीकडे त्याच्या वडिलांची होडी सुटायच्या बेतात होती. भरती चढत होती. त्याने छायाप्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे ठेवायला दिली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि तो पाण्यात उतरला.